'येस सर' म्हणाले आणि इंटरव्ह्यू संपला: जामसंड्याच्या एका मुलीसोबत ग्रामरचा सराव

हा एपिसोड ऐकताना मागे जो तडतड आवाज येतो तो पावसाचा आहे. पत्र्याचं छप्पर आहे, काय करणार. लिहिताना तो आपोआप गळला. बाकी आम्ही जे बोललो ते जवळपास तसंच खाली दिलंय, फक्त मधलं 'अं... म्हणजे...' काढलंय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत ठेवलीत. स्पेलिंग विसरा, कानाने वाचा.

आजची पाहुणी जामसंड्याची. नाव सांगायचं नाही ही तिची अट, कारण घरी अजून बोललेली नाही. बीकॉम झालंय. दोन आंबा सीझन मामाच्या शेडमध्ये पेट्या भरल्या, गिऱ्हाइकांचे फोन घेतले. गेल्या दिवाळीपासून देवगडातल्या एका होमस्टेचं बुकिंग सांभाळते. पण जून आला की होमस्टेच्या खोल्या रिकाम्या आणि आंबाही संपलेला. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, तो सिंधुदुर्गाच्या हद्दीपासून अगदी जवळ. तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या गप्पांत गोव्यातली नोकरी जरा जास्तच यायला लागलीय. हिलाही सोमवारी गोव्यातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसच्या इंटरव्ह्यूला बोलावलंय. हा तिचा दुसरा इंटरव्ह्यू. पहिल्यात काय झालं ते तिच्याच तोंडून ऐका.

ती: दादा, त्यांनी विचारलं, 'व्हॉट मेड यू लीव्ह युवर लास्ट जॉब?' माका फक्त 'जॉब' कळला. मी म्हटलं, 'येस सर.' ते थांबले. मग मी परत म्हटलं, 'येस सर.'

मी: मग?

ती: मग काय! 'वी विल कॉल यू.' इंग्लिश येता माका, पण तोंडातून भायर पडना नाय.

हे 'येतं पण बाहेर पडत नाही' आपल्यापैकी किती जणांचं आहे! महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षं. पण त्या बारा वर्षांत आपण इंग्रजी बोललो किती? आजोबांच्या पिढीकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, वहीत मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करायची. आपल्याकडे गाळलेल्या जागा भरा. दोन्हीकडे हात चालला, तोंड बंदच राहिलं. त्यामुळे तोंड उघडायची वेळ आली की आपण मराठी वाक्य मनात तयार करतो आणि त्याला इंग्रजी शब्दांचे कपडे घालतो. वाक्य आतून मराठीच राहतं, आणि मराठी म्हणून ते अगदी बरोबर असतं! म्हणून आज ग्रामरचं पुस्तक उघडायचं नाही. हिची उत्तरं घ्यायची आणि मराठी नेमकी कुठे डोकावते ते बघायचं.

सगळ्यात आधी ते 'येस सर'. प्रश्न कळला नाही तर काय म्हणायचं? मराठीत आदर क्रियापदात बसतो: 'ये' आणि 'या', 'सांग' आणि 'सांगा'. इंग्रजीत 'यू' सगळ्यांना एकच, त्यामुळे आदर प्रश्नाच्या साच्यात घालावा लागतो. 'रिपीट द क्वेश्चन' हा हुकूम झाला. 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' हे झालं 'प्रश्न पुन्हा सांगता का?' हे एक वाक्य इतकं घोटा की झोपेतही आलं पाहिजे. परत विचारण्यात काही कमीपणा नाही. न कळलेल्या प्रश्नाला 'येस' म्हणण्यात मात्र आहे. सुरुवात व्हॉट, व्हाय, हाउ, व्हेअर अशी झाली की उत्तर हो-नाहीत संपतच नाही, तेवढं ऐकू आलं तरी आपण वाचतो.

आता खरा सराव. मी झालो मुलाखतकार.

मी: टेल मी अबाउट युवरसेल्फ.

ती: मायसेल्फ... नाव नको ना? बरं. आय ॲम फ्रॉम जामसंडे. आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2024. आय ॲम वर्किंग इन होमस्टे सिन्स एट मंथ्स. आय ॲम हॅविंग एक्सपीरियन्स ऑफ मँगो पॅकिंग ऑल्सो.

सगळं कळलं ना? मलाही कळलं. समोरच्यालाही कळेल. पण फ्रंट ऑफिसला ते फक्त कळतंय का एवढंच बघत नाहीत, पाहुण्यासमोर ही कशी बोलेल तेही बघतात.

'मायसेल्फ अमुक' सोडा, 'आय ॲम अमुक' म्हणा, संपलं. 'हॅविंग'सुद्धा पटकन निपटू. अनुभव 'असतो', तो आत्ता चालू असलेली क्रिया नाही. 'माझ्याकडे अनुभव असतोय' असं आपण मराठीतही म्हणत नाही! 'आय हॅव एक्सपीरियन्स.' 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण जेवण चालू असतं.

आता 'सिन्स एट मंथ्स'कडे थांबून बघू, कारण ही चूक इंटरव्ह्यूत हमखास होते. अनुभव सांगताना काळ सांगावाच लागतो.

मराठीत आपण म्हणतो 'दिवाळीपासून काम करतेय' आणि 'आठ महिन्यांपासून काम करतेय'. दोन्हीकडे 'पासून', दोन्हीकडे 'करतेय'. इंग्रजी इथे दोनदा वेगळी होते. एक, 'पासून'चे दोन तुकडे पडतात. कॅलेंडरवर ज्या दिवसावर, महिन्यावर बोट ठेवता येतं तिथे 'सिन्स': सिन्स दिवाळी, सिन्स मंडे, सिन्स 2024. जे बोटांवर मोजायचं तिथे 'फॉर': फॉर एट मंथ्स, फॉर टू इयर्स. दोन, 'करतेय' पुरत नाही. काम मागे सुरू झालं आणि अजून चालू आहे, तर इंग्रजी दोन्ही टोकं धरते: 'आय हॅव बीन वर्किंग.' 'आय ॲम वर्किंग' एवढंच म्हटलं तर ते फक्त आत्ताचं झालं, मागचे आठ महिने हवेत लटकत राहतात.

ती: 'आय हॅव बीन वर्किंग ॲट अ होमस्टे फॉर एट मंथ्स.'

मी: दिवाळीने सांग.

ती: 'आय हॅव बीन वर्किंग ॲट अ होमस्टे सिन्स दिवाळी.'

मी: आणि आंब्याचं?

ती: 'आय हॅव बीन वर्किंग इन मँगो पॅकिंग फॉर टू इयर्स.'

मी: थांब. तू दोन वर्षं रोज पेट्या भरतेयस?

ती: नाय हो! मार्च ते मे. दोन सीझन.

बघा, इथे ग्रामरचा प्रश्न एकदम खरेपणाचा होतो. 'हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स' म्हटलं की समोरचा समजणार बारमाही नोकरी आहे, आणि पुढचा प्रश्न येणार, 'मग आंबे नोव्हेंबरमध्ये कुठून आणता?' सीझन संपला, काम संपलं, म्हणून साधा भूतकाळ: 'आय वर्क्ड इन माय अंकल्स मँगो शेड फॉर टू सीझन्स.' 'फॉर' साध्या भूतकाळाबरोबरही बसतं, हे शाळेत बऱ्याचदा निसटतं. आणि कामही लहान नाही बरं का. देवगड तालुक्यातल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेचं ठिकाण जामसंडेच आहे, कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मिळाला. गोव्यातल्या मॅनेजरला 'देवगड अल्फॉन्सो' हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. ते उत्तरात घालायचेच.

राहिलं 'आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2024'. मराठीत 'मी 2024 ला बीकॉम केलंय' चालतं. इंग्रजीत एकदा तारीख, वर्ष, 'काल', 'गेल्या महिन्यात' आलं की 'हॅव' जातं: 'आय कम्प्लीटेड माय बीकॉम इन 2024.' वर्ष नको असेल तर 'आय हॅव कम्प्लीटेड माय बीकॉम' बरोबर. दोघांना एका वाक्यात बसवू नका, एवढंच.

आता मजेशीर भाग.

मी: टेल मी अबाउट अ टाइम यू हँडल्ड अ डिफिकल्ट कस्टमर.

ती: सर, वी हॅड सेंट मँगोज टू पुणे. कस्टमर हॅड कॉल्ड. ही वॉज टोल्ड दॅट मँगोज आर बॅड. वी हॅड एक्सप्लेन्ड हिम. देन वी हॅड सेंट न्यू मँगोज.

मी: आता हेच मला मराठीत सांग, जसं मैत्रिणीला सांगशील.

ती: अरे, पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. सहा आंब्यांत साका निघाला म्हणाले. लय तापलेले. मामाने आधीच 'बाहेरून कसं दिसणार, आमची काय चूक' म्हणून फोन ठेवलेला. मग मी त्यांना फोन लावला, फोटो मागवले. बघितलं तर खरंच साका. मग मामाला समजावलं आणि पुढच्या गाडीबरोबर एक डझन पाठवून दिले.

मी: कोणी फोन लावला?

ती: मी.

मी: फोटो कोणी मागवले? मामाला कोणी समजावलं?

ती: मीच.

मी: मग इंग्रजीत 'वी' कुठून आलं?

ती: ... असं 'मी मी' कसं करायचं दादा? बरं दिसत नाही.

खरं सांगतो, आख्ख्या एपिसोडमध्ये मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कुठल्याही ग्रामरच्या पुस्तकात मिळत नाही. आपल्याकडे 'आम्ही' हा नम्रतेचा शब्द आहे. घरात, शेडमध्ये, देवळाच्या कामात 'मी केलं' म्हणणारा माणूस जरा आगाऊच वाटतो. शिवाय मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे: 'आम्ही' म्हणजे तुम्हाला सोडून, 'आपण' म्हणजे तुम्हाला धरून. इंग्रजीचं 'वी' ही दोन्ही कामं एकटं करतं, त्यामुळे आणखीच धूसर होतं. समोर बसलेला माणूस नोकरी तुमच्या मामाला देणार नाहीये. 'वी सेंट' ऐकल्यावर त्याच्या कागदावर तुमच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही. जे एकट्याने केलं तिथे 'आय', जे खरोखर मिळून केलं तिथे 'वी'. ही फुशारकी नाही, नेमकेपणा आहे. आणि उलटंही तितकंच खरं: मामाने केलेलं 'आय'मध्ये घालू नका.

दुसरी गंमत तिच्या 'ही वॉज टोल्ड'मध्ये. तिला म्हणायचं होतं, 'त्याने सांगितलं.' पण 'ही वॉज टोल्ड' म्हणजे 'त्याला सांगण्यात आलं', म्हणजे कोणीतरी गिऱ्हाइकालाच सांगितलं की तुझे आंबे खराब आहेत. तक्रार उलटी फिरली! मराठी भूतकाळात 'त्याने'ला 'ने' लागतो आणि क्रियापद करणाऱ्याकडे न बघता आंब्यांकडे, पेटीकडे बघत बसतं: 'त्याने आंबा खाल्ला, पेटी उघडली, आंबे मोजले.' इंग्रजीला या भानगडी नाहीत. करणारा पुढे, क्रियापद मागे: 'ही टोल्ड मी', 'ही ओपन्ड द बॉक्स'. 'वॉज' घुसवला की खेळ पालटतो.

आणि ते 'हॅड, हॅड, हॅड'. 'काल मी कणकवलीला गेले होते.' यात 'होते' का? कारण मराठीत जाऊन परत आलेली, संपलेली गोष्ट आपण सहज 'होते' लावून सांगतो. म्हणून तोंडात येतं 'आय हॅड गॉन टू कणकवली यस्टरडे'. इंग्रजीत नुसतं 'आय वेंट'. 'हॅड' कधी? भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी जी आधी घडून गेली होती, तिला. तिच्या गोष्टीत अशी एकच गोष्ट आहे. सांगा बघू कुठली? मामाने फोन ठेवला, ती. हिने फोन लावण्याआधीच तो प्रकार झाला होता.

नाही म्हणतानाही हाच गोंधळ. मराठीत 'गेले नाही', भूतकाळ क्रियापदावरच राहतो. म्हणून 'आय डिडन्ट वेंट'. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने खाऊन टाकलेला असतो, मागे साधं 'गो' उरतं.

अ, ॲन, द वर वेगळा एपिसोड करावा लागेल. पण गोष्ट सांगताना एक युक्ती चालते. मराठीत 'एक गिऱ्हाईक होतं... ते गिऱ्हाईक म्हणालं' असं आपण म्हणतोच. जिथे 'एक' तिथे 'अ', जिथे 'ते, तो, ती' तिथे 'द'. शंभर टक्के नाही, पण गोष्टीपुरतं पुष्कळ.

दहा मिनिटं पाऊस ऐकला, पाणी प्यायलो, आणि तिने पुन्हा सांगितलं:

ती: लास्ट मे, अ कस्टमर फ्रॉम पुणे कॉल्ड अस. ही सेड सिक्स मँगोज वर बॅड इनसाइड. माय अंकल हॅड ऑलरेडी रिफ्यूज्ड टू हेल्प, अँड द कस्टमर वॉज अँग्री. आय कॉल्ड हिम बॅक अँड आस्क्ड फॉर फोटोज. इट वॉज स्पॉन्जी टिश्यू. यू कान्ट सी इट फ्रॉम द आउटसाइड. आय अपॉलोजाइज्ड, टॉक्ड टू माय अंकल, अँड वी सेंट अ डझन विथ द नेक्स्ट डिलिव्हरी.

'हॅड' एकदाच, बरोबर जागी. 'कॉल्ड अस' आणि 'वी सेंट' मी मुद्दाम राहू दिलं, कारण फोन शेडवर आला होता आणि पाठवायचं शेवटी मामाने मान्य केलं होतं. साक्याला तिथे नुसतं 'साका' म्हणून चालणार नाही, म्हणून 'स्पॉन्जी टिश्यू', आणि ते काय ते पुढच्याच वाक्यात. आपल्या कामातला शब्द समोरच्याला माहीत नसेल असं धरून त्याला एक साधं वाक्य जोडायचं. अढी, मोहर, डझनाचे भाव, काहीही असो.

मी: व्हॉट वुड यू डू इफ अ गेस्ट शाउटेड ॲट यू?

ती: आय विल... आय वुड... दादा, इफ गेस्ट विल शाउट...

मी: मराठीत सांग. 'गेस्ट ओरडला तर...'

ती: ओरडला तर मी आधी ऐकून घेईन.

मी: 'ओरडला' कुठला काळ?

ती: भूत... अरे हो!

इथे मराठी आपल्या बाजूने आहे आणि आपल्याला पत्ताच नाही. 'ओरडला तर' मध्ये अजून कोणी ओरडलेलं नाही, तरी रूप भूतकाळाचं. इंग्रजीतही तेच: 'इफ अ गेस्ट शाउटेड'. 'तर'नंतरच्या भागात 'वुड': 'आय वुड लिसन फर्स्ट.' 'इफ'च्या बाजूला 'विल' किंवा 'वुड' घालायचा मोह होतो, तेवढा टाळा. बाकी काम मराठीनेच करून ठेवलंय.

मी: व्हिच लँग्वेजेस डू यू स्पीक?

ती: मराठी, हिंदी, लिटल इंग्लिश.

मी: आणि मालवणी? कोकणी कळते ना तुला?

ती: ती काय सांगायची?

सांगायची! गोव्यातल्या हॉटेलात हाउसकीपिंगपासून किचनपर्यंत कोकणी चालते. 'आय स्पीक मराठी अँड हिंदी, अँड आय अंडरस्टँड कोंकणी बिकॉज वी स्पीक मालवणी ॲट होम.' या वाक्यातला 'वी' एकदम योग्य. आणि ते 'लिटल इंग्लिश' काढून टाक गो. पूर्ण इंटरव्ह्यू इंग्रजीत देतेयस आणि वर सांगतेस थोडंसं येतं?

शेवटी ते विचारतात, 'डू यू हॅव एनी क्वेश्चन्स?' इथे 'नो सर' म्हणून उठू नका. राहायची सोय, शिफ्ट, पगार, जे खरोखर विचारायचं आहे ते विचारा. फक्त प्रश्नाच्या पोटात प्रश्न आला की आतला प्रश्न सरळ होतो. 'व्हॉट इज द सॅलरी?' हा एकटा प्रश्न. 'कुड यू टेल मी व्हॉट द सॅलरी इज?' मध्ये 'इज' शेवटी गेला. मराठीत 'पगार किती आहे ते सांगाल का?' मध्ये 'पगार किती आहे' जसाच्या तसा राहतो, म्हणून आपण 'व्हॉट इज'सुद्धा तसाच ठेवतो.

सराव कसा करायचा ते तिला जे सांगितलं तेच तुम्हाला. उत्तर लिहून पाठ करायचं नाही. पाठ केलेलं मध्येच अडकलं की सगळं जातं. फोनवर रेकॉर्ड करा, एका मिनिटाच्या आत. ऐका. एकाच प्रकारची चूक पकडा, आज फक्त 'सिन्स-फॉर', उद्या फक्त 'हॅड'. पुन्हा तेच उत्तर वेगळ्या शब्दांत रेकॉर्ड करा. तीनदा झालं की बंद. स्वतःचा आवाज ऐकायला पहिल्यांदा लाज वाटते, दोन दिवसांत जाते. एसटीत बसून मनातल्या मनात केलेला सराव खरा सराव नाही हो, ओठ हलले पाहिजेत. शेजारी बसलेली काकी बघेल, बघू दे.

शनिवारी रात्री तिची व्हॉइस नोट आली. बावन्न सेकंद. मध्ये 'आय ॲम वर्किंग... सॉरी, आय हॅव बीन वर्किंग' असं एकदा झालं, आणि मला ते न अडखळता बोललेल्या उत्तरापेक्षा जास्त आवडलं, कारण चूक तिच्या स्वतःच्या कानाला लागली होती. नोटच्या शेवटी मालवणीत: 'दादा, घराकडे सांगितलंय. आई म्हणता, जा. पण कधी जॉइन करशील विचारला तर? आय विल जॉइन की आय कॅन जॉइन?'

मी लिहिलं: 'आय कॅन जॉइन फ्रॉम द फर्स्ट ऑफ जुलै. विल नको, अजून त्यांनी घेतलं कुठे!'

तिने हसण्याचा इमोजी पाठवला आणि खाली विचारलं, 'फ्रॉम द फर्स्ट की सिन्स द फर्स्ट?'

फ्रॉम. पुढच्या तारखेला 'सिन्स' लागत नाही.